लिटरमागे बावीस पेट्या

माझं लग्न एका फळ्यामुळे अडलं होतं, असं मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा गडी मीठमसाला लावतोय. पण फळा खरा होता. चार फूट बाय सहा फूट, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या भिंतीवर ठोकलेला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिथे नियोजन सहायक होतो आणि अजून कायम झालो नव्हतो. नाशिक रोडला सरकारी छापखान्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी मला पसंत होती. तिलाही मी चालण्यासारखा होतो. पण तिचे वडील शिस्तीचे. कायम झाल्याचं पत्र ज्या दिवशी आणाल त्या दिवशी साखरपुड्याची तारीख धरू, असं त्यांनी मला पोहे खाता खाता सांगितलं होतं. माझं प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, ते एकदा वाढवून झालं होतं, आणि त्यांच्याकडचे पोहे मी तीन वेळा खाऊन आलो होतो.

आमचा कारखाना विजेच्या मीटरवर बसवायच्या लोखंडी पेट्या बनवायचा. गिऱ्हाईक सरकारी. उद्या किती पेट्या होतील हे आदल्या संध्याकाळी कागदावर मांडायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पत्रा कोट्यातून मिळायचा, म्हणजे मिळेल तेव्हा मिळायचा. वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. वीज नाही म्हणून पेट्या व्हायच्या नाहीत, आणि पेट्या नाहीत म्हणून त्याच विजेच्या गिऱ्हाइकाचं खरमरीत पत्र यायचं. मी उत्तरात खरं कारण लिहायचो. साहेब ते खोडून ‘काही बाह्य कारणांमुळे’ असं लिहायचे. ऑक्टोबरात दिंडोरीकडची माणसं द्राक्षांच्या छाटणीला गडप व्हायची, चैत्रात निम्मे लोक वणीच्या गडावर, चौदा एप्रिलला एक अख्खी पाळी मिरवणुकीत. हे झालं बाहेरचं. आत पत्रा दाबायच्या प्रेसचा फोरमन आणि रंगखात्याचा फोरमन हे एकमेकांचे साडू होते. ते ज्या आठवड्यात एकमेकांशी बोलत नसत, त्या आठवड्यात प्रेसवरच्या पेट्या रंगाला जायच्याच नाहीत. स्टोअरकीपर किल्ली खिशात घालून बहिणीकडे सिन्नरला जायचा. मी मात्र रोज संध्याकाळी ‘उद्या दोनशे पेट्या’ असं लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी कधी नव्वद व्हायच्या, कधी एकशेसाठ. एकदा अडीचशे झाल्या तेव्हा सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली, कारण ठेवायला जागा नव्हती.

अशात आमचे साहेब, म्हणजे मालक, मुंबईला व्यवस्थापनाचा तीन दिवसांचा अभ्यासक्रम करून आले. माणूस सज्जन, गंगापूर रोडला राहणारा, कधी कोणाला वाकडा शब्द न बोलणारा. सज्जन माणसाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढणं फार अवघड असतं. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि व्यवस्थापनाची पाच कामं सांगितली: नियोजन, संघटन, नेमणूक, निर्देशन, नियंत्रण. मग ती पाच जणांना वाटून टाकली. नियोजन माझ्याकडे होतंच. संघटन हेडक्लार्ककडे गेलं, नेमणूक टाइमकीपरकडे. निर्देशन त्यांनी स्वतःकडे ठेवलं. आणि नियंत्रण फाटकावरच्या वॉचमनला दिलं, कारण तो निवृत्त फौजी होता आणि साऱ्या कारखान्यात त्याचंच काय ते लोक ऐकायचे.

यानंतर त्यांनी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली. एका बाजूला अंतर्गत घटक, दुसऱ्या बाजूला बाह्य घटक. हेडक्लार्कने विचारलं, साहेब, आतलं कुठे संपतं आणि बाहेरचं कुठे सुरू होतं? साहेबांनी क्षणभरही विचार न करता खिडकीतून कंपाउंडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या आत जे आहे त्यावर आपलं नियंत्रण, भिंतीबाहेर जे आहे त्यावर नाही. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आज वाटतं, त्या वेळी एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

बाहेरून आत येणाऱ्या घटकांची नोंद ठेवायची म्हणून वॉचमनला एक वही दिली. त्याने ती भेटीला येणाऱ्यांच्या वहीसारखीच आखली, कारण त्याला दुसरी आखणी ठाऊक नव्हती. पहिल्याच दिवशीची नोंद मी स्वतः वाचली आहे. ‘पाऊस. येण्याची वेळ दहा चाळीस. कोणाला भेटायचे: सर्वांना. जाण्याची वेळ अकरा पाच.’ विजेची पंचाईत झाली. ती आधी जायची आणि मग यायची, म्हणून त्याने तिच्यासाठी रकाने उलटे आखून वेगळं पान केलं. साहेब रोज सकाळी ती वही वाचून सही करायचे.

आणि माझ्यासाठी अट घातली. रोज संध्याकाळी फळ्यावर उद्याचा आकडा लिहायचा, दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या शेजारी प्रत्यक्षातला. फरक पाच पेट्यांपेक्षा जास्त नको. असे सलग बारा दिवस जमले की कायम. मी हिशेब केला तेव्हा सहा महिन्यांत असा एक दिवसही गेला नव्हता. त्या रविवारी नाशिक रोडला गेलो तेव्हा पोह्यांची बशी अर्धीच ठेवून उठलो.

फाटकाबाहेर, भिंतीला टेकून, मावशीची चहाची टपरी होती. चार बांबू, वर पत्रा, एक स्टोव्ह आणि दोन बाकडी. बाई पन्नाशीची, एकटी, माहेर दिंडोरीकडचं. सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा, तीही सगळ्यांना नात्याने बोलवायची, फक्त साहेबांना सायब. एका संध्याकाळी मी तिच्याकडे चेहरा पाडून बसलो होतो, तेवढ्यात गंगापूरकडून येणारा गवळी सायकलवरून उतरला. उद्याचं किती, त्याने विचारलं. मावशी रस्त्याकडे बघत म्हणाली, “उद्या सहाच दे. आमच्या दिंडोरीकडची तेरा-चौदा माणसं छाटणीला हायेत, आन त्या दोघा साडवांचं आज वाजलंय, रंगवाले सुट्ट्या टाकतील.”

मी घरी गेलो, जेवलो, आणि ताटावरून उठताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जास्तीचं दूध घेतलं तर नासतं, कमी घेतलं तर गिऱ्हाईक परत जातं. उद्या किती माणसं कामावर येणार हे त्या बाईला रोज संध्याकाळी अचूक ठरवावंच लागे. मी कागदावर चुकलो तर मला बोलणी बसायची. ती चुकली तर तिची चूल थंड. आणि तिला कळायचं कारण सगळे बाह्य घटक तिच्याकडेच चहा प्यायचे. लाइनमन तिथे बसायचा, पत्र्याचा ट्रक आणणारा ड्रायव्हर तिथेच पाय पसरायचा, लग्नाच्या सुपाऱ्या आणि मयतीचे निरोप तिथेच पोचायचे.

मी आठवडाभर तिचं दूध आणि आमच्या पेट्या शेजारी शेजारी लिहून काढल्या. लिटरमागे बावीस पेट्या. नऊ लिटर दुधाला एकशे अठ्ठ्याण्णव. सहा लिटरला एकशे बत्तीस. गडबड फक्त वीज जाण्याच्या दिवशी व्हायची, कारण वीज नसली की लोक जास्त चहा प्यायचे. तेही मी तिला विचारून घेतलं. अशा दिवशी ती आपणहून सांगायची, “भाऊ, यातलं तीन लिटर बसून प्यायचं हाय.” मग मी तीन लिटर वजा करायचो.

फळ्यावरचे आकडे जुळायला लागले. पहिल्या दिवशी साहेब हसले, चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आठव्या दिवशी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना फळा दाखवला. नववा दिवस गेला. दहावा गेला. दोन दिवस राहिले होते. दहाव्या संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून पद्धत विचारली.

गप्प बसायला काय झालं होतं मला? काहीही सांगता आलं असतं. पण दहा दिवसांची शाबासकी डोक्यात गेली होती, आणि खरं सांगायचं तर ही युक्ती कोणालातरी सांगितल्याशिवाय मला झोप येत नव्हती. मी दूध सांगितलं. लिटरमागे बावीस सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं आणि चिंतेत पडले. इतका महत्त्वाचा घटक, म्हणाले, आणि तो भिंतीबाहेर?

अकराव्या दिवशी सकाळी गवंडी आले. बाह्य घटकाला अंतर्गत करायचं होतं. टपरी आत घेण्यापेक्षा भिंतच आठ फूट बाहेर सरकवायचं ठरलं, कारण टपरी हलली तर तिचे गुण जातील अशी साहेबांना भीती. जुनी भिंत पाडताना सगळा कारखाना बघायला जमला, त्यामुळे त्या दिवशी एकशे चोपन्नच्या जागी साठ पेट्या झाल्या. माझे दहा दिवस पाण्यात गेले. पुन्हा एकपासून सुरुवात.

चार दिवसांत मावशी जागची न हलता कारखान्याच्या आत आली. तिला बिल्ला मिळाला. चहा फक्त दहा आणि तीनच्या सुट्टीत. शेजारच्या कारखान्यांची माणसं, लाइनमन, ट्रकवाले, बसची वाट बघणारे, सगळे भिंतीपलीकडे राहिले. गवळ्याला फाटकावर नोंद करावी लागे. वॉचमनने ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात एकदा ‘दुधाला’ असं लिहिलं. आणि साहेब स्वतः रोज दुपारी तिच्या बाकड्यावर येऊन बसू लागले, उद्याचा अंदाज घ्यायला. ते बसले की दुसरं बाकडं रिकामं व्हायचं. मावशीच्या कानावर आता काहीच पडेना. ती मला म्हणाली, “भाऊ, माझ्यापुढं कोणी बोलत नाय आता. म्हणतात, मावशी मॅनेजमेंटची झाली.”

याच सुमारास साहेबांनी निर्देशन सुरू केलं. लिटरमागे बावीस पेट्या होतात, तर दूध वाढवलं की पेट्या वाढतील, हे त्यांनी मला कागदावर मांडून दाखवलं. बारा लिटरला दोनशे चौसष्ट. मी म्हणालो, साहेब, दुधाने पेट्या होत नाहीत. ते समजुतीने म्हणाले, अहो, तुमचाच तर शोध आहे. मावशीला लेखी सूचना गेली: दररोज बारा लिटर. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवली. तिने मला दोनदा वाचायला लावली. मग तिने बारा लिटर घेतलं, कारण भिंत सायबाची, जागा सायबाची. त्यातलं सात-आठ लिटर रोज नासायचं. पेट्या होत्या तेवढ्याच राहिल्या. कारखान्याच्या मागच्या कुत्र्यांना मात्र ते दिवस फार चांगले गेले.

ती एकदाच माझ्यावर चिडली. “तुम्हीच सांगितलं ना सायबाला? मंग आता तुम्हीच सांगा, मला होती तशी राहू द्या.” मी सांगतो म्हणालो. मी सांगितलं नाही. माझी मोजणी पुन्हा सुरू होती, दोन दिवस जुळले होते, आणि साहेबांना नाराज करायची ती वेळ नव्हती, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी आकडा चुकलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझं झालं होतं, फक्त भोगत होती ती.

तीन आठवड्यांनी साहेबांनी निष्कर्ष काढला की हा घटक आत येऊनही नियंत्रणात येत नाही. त्यांनी मावशीला जागा खाली करायला सांगितली. अगदी प्रेमाने सांगितलं, एक साडीही दिली. तिने बांबू उपटले, पत्रा उतरवला, आणि रस्त्यापलीकडे कडुलिंबाच्या झाडाखाली स्टोव्ह मांडला. पण नियंत्रण म्हणून सुट्टीत बाहेर जायला वॉचमन आता कोणाला सोडेना, आणि आत आता चहाच नव्हता. दहा वाजले की सव्वाशे माणसं फाटकाच्या जाळीतून पलीकडच्या स्टोव्हकडे बघत उभी राहायची. व्यवस्थापनाच्या पाच कामांत चहा कुठेच नव्हता, त्यामुळे तो कोणाकडे मागायचा हेही कोणाला कळेना.

आठ-दहा दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी मी त्या झाडाखाली गेलो. गवळी येऊन उभा होता. मावशीने मानेनेच त्याला नाही म्हटलं आणि तो सायकल वळवून गेला.

“उद्या दूधच नाय घेतलं,” ती मला म्हणाली. “कोणी येणार नाय उद्या. म्हणतात, मावशीला जागा द्या, नायतर आम्ही बी बाहेर. तुम्ही तुमचं लिहा काय लिहायचं ते. पण सायबाला आज सांगू नका.”

मी परत आत गेलो. साहेब घरी गेले होते. खडू घेऊन फळ्यासमोर गेलो. उद्याच्या रकान्यात शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संप. यंत्रं बंद, सगळे लोक झाडाखाली बसलेले, आत साहेब, हेडक्लार्क, टाइमकीपर, वॉचमन आणि मी. साहेब फळ्यापुढे आले. योजना शून्य. संध्याकाळी मी शेजारी प्रत्यक्ष लिहिलं, शून्य. त्यांनी एका शून्यावरून दुसऱ्या शून्यावर बोट फिरवलं. तुम्हाला कळलं कसं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अंदाज. अटीमध्ये शून्य चालणार नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी शून्य लिहीत गेलो आणि रोज दुसऱ्या संध्याकाळी ते बरोबर येत गेलं. वॉचमनने वहीत लिहिलं, ‘कामगार. जाण्याची वेळ काल सात. येण्याची वेळ’, आणि पुढे जागा सोडली.

संप बारा दिवस चालला. मावशीने ते बारा दिवस सव्वाशे माणसांना कोरा चहा पाजला, कोणाकडून पैसे घेतले नाहीत. मी खिडकीतून बघायचो. बाराव्या संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. माणूस शब्दाचा पक्का. सलग बारा दिवस, म्हणाले, एका पेटीचाही फरक नाही. पत्र टाइप करून तयार होतं. मी ते खिशात घातलं आणि त्यांच्या पाया पडलो.

त्याच संध्याकाळी तडजोड झाली. अकरा कलमांचा करार. साहेबांनी त्याच्या तीन स्वच्छ प्रती मला काढायला सांगितल्या, माझं अक्षर चांगलं म्हणून. नव्या भिंतीच्या आत, जिथे टपरी होती तिथेच, कॅन्टीन. ठेकेदार बाहेरचा, त्याने स्टोव्ह आणि कपही दुपारीच आणून ठेवले होते. चहा निम्म्या दरात, उद्यापासूनच. मी अकराच्या अकरा कलमं दोनदा वाचली. मावशी कुठेच नव्हती. कामगारांतर्फे वाटाघाटीला आलेल्या युनियनच्या सेक्रेटरीला मी हळूच विचारलं. तो म्हणाला, तिची मागणी पहिलीच होती, मग वाटाघाटीत खाली खाली गेली, आणि कॅन्टीन मिळाल्यावर तिचं कारणच उरलं नाही, पुढच्या वेळी बघू. मी साहेबांना एक वाक्य बोलू शकलो असतो. बारावं कलम लिहायला कागदावर जागाही होती. माझा हात खिशातल्या पत्रावर होता आणि मी काही बोललो नाही. याची लाज मला आजही वाटते.

बाहेर पडलो तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं. सगळे खुशीत घरी गेले होते. मावशी एकटी भांडी घासत होती आणि गवळी नुकताच येऊन थांबला होता. मला बघून ती हसली.

“मिटलं म्हणं. तुमचं बी काम झालं ना?”

मी हो म्हणालो.

“मंग उद्या समदे येणार. बारा दिवस समदे संपाचंच बोलले, मला काय अंदाज नाय राह्यला. तुम्हीच सांगा भाऊ, किती घेऊ?”

तिने आजवर मला कधीच अंदाज विचारला नव्हता. सगळे येणार म्हणजे नऊ लिटर, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. गवळी माप हातात धरून उभा होता.

“दोन घ्या,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. कारण विचारलं नाही. गवळ्याला म्हणाली, दोन दे, आणि पातेलं पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सुटल्यावर नाशिक रोडला जायचं म्हणून बसच्या थांब्याकडे निघालो. वाट त्या झाडाजवळूनच होती. दोन लिटरांतलं दीड लिटर दूध पातेल्यात तसंच होतं. मी येताना दिसलो तशी तिने घाईघाईने त्यावर झाकण ठेवलं.